मुख्य टेबलावरचं झुडूप

४ जानेवारी

वन्सं,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा उभ्याउभ्याच घ्या. फोन करणार होते, पण मागच्या वेळी मी "फुलं" म्हटलं आणि तुम्ही "कुणाला मुलं?" म्हणून सगळी रोपांची नर्सरी दणाणून सोडलीत. तेव्हा पत्रच बरं. पत्र मोठ्याने बोलावं लागत नाही.

झिपरीचं लग्न ठरलंय हे तिने तुम्हाला कळवलंच असेल. इथे कामांची वाटणी झाली. जागा जावयाने बघितली, जेवण विहीणबाईंनी ठरवलं, कुणाला कुठे बसवायचं ते झिपरीने स्वतःकडे ठेवलं. आता नवरीची आई म्हणून माझ्या वाट्याला काय यावं? तर "मधलं". म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या मधोमध शोभेचं जे काही ठेवतात ना, ते. विहीणबाई त्याला सेंटरपीस म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना मान जरा मागे घेतात.

त्यांची सूचना काय होती ऐका. प्रत्येक टेबलावर काचेचा गोल वाडगा, आणि त्यात जिवंत मासे! जावई जनावरांचा डॉक्टर. आईचं बोलणं ऐकून त्याचाच चेहरा पाण्याबाहेरच्या माशासारखा झाला. मी एवढंच म्हटलं, की वाडग्यातला मासा ताटातल्या माशाकडे टक लावून बसेल, ते काही बरं दिसणार नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलतात.

तर आता तुमची नर्सरी आणि माझी अब्रू. समारंभ हॉलच्या मागच्या बागेत आहे. दुपार कलताना सुरू होईल, जेवण दिवे लागायच्या सुमारास. बाकीच्या टेबलांवर तुम्हाला रुचेल ते ठेवा, मी तोंडातून शब्द काढणार नाही. मुख्य टेबलावर मात्र काहीतरी उंच हवं. चांगलं उंच. आणि दाट. फोटोत उठून दिसतं म्हणून.

तुमची वहिनी
(कोर्टाने काढून घेतलेली, तुम्ही ठेवून घेतलेली)

११ जानेवारी

वहिनी,

पत्र पोचलं. कानाला ताण न पडता तुझी बडबड ऐकायला मिळाली, फार बरं वाटलं.

टेबलावरच्या झाडाचा एक साधा नियम आहे. ते हनुवटीच्या खाली हवं, नाहीतर पार डोक्याच्या वर. अधेमधे आलं की समोरच्याला वाटतं आपण झुडपाशी गप्पा मारतोय. तू चष्म्याचं दुकान चालवतेस. लोकांना नीट दिसावं म्हणून जन्म घालवलास, आणि पोटच्या पोरीच्या लग्नात टेबलावर भिंत बांधायला निघालीस? आणि फोटोचं मला नको सांगू. फोटोत एक झुडूप येईल आणि दोन्ही बाजूंनी एकेक कान.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळतंय. झिपरीने मला सांगितलंय, मुख्य टेबलावर तिने आईबापांना समोरासमोर बसवलंय. "शेजारी बसणार नाहीत, मग समोर बसवले," म्हणते. पोरीचं चुकलं कुठे?

माझ्या भावाने तुला सोडलं की तू त्याला, ह्याचा निकाल मी अजून लावलेला नाही. त्याने लांबची बदली घेतली, तुझा जीव दुकानातून निघेना. तो म्हणाला, "येतेस का?" तू म्हणालीस, "राहतोस का?" आणि दोघंही समोरच्याच्या उत्तराची वाट बघत बघत कोर्टापर्यंत चालत गेलात. त्यानंतर काय असेल तो निरोप पोरीमार्फत. अगं, एवढा जन्म काढलात, एक जेवण नाही निघणार?

मी सुचवते ते ऐक. बसके मातीचे वाडगे, त्यात शेवाळ, आणि शेवाळात बारीक पांढरी फुलं. सगळ्यांना सगळे दिसतील.

तुझी नणंद, कायदा काही का म्हणेना

१५ जानेवारी

ताई,

इथे डोंगराच्या पोटातून रस्ता काढायचाय, त्याची मोजणी चालू आहे. तंबूत राहतोय. फोनला रेंज नाही, आणि असती तरी तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ह्या डोंगरावरून त्या डोंगराला हाका मारायच्या. म्हणून लिहितोय. एक काम आहे. हसणार नसशील तर सांगतो.

झिपरीने टेबलांचा नकाशा पाठवला. माझ्या हातात नकाशा आला की मी पहिल्यांदा बघतो कुठून काय दिसतं. खोड आहे, धंद्याची. तर माझ्या खुर्चीतून निघालेली रेघ सरळ तिच्या आईच्या नाकावर जाते. मध्ये ना झाड, ना टेकडी. मधलं काय ठेवायचं ते तुझ्याकडे आहे असं कळलं. मुख्य टेबलावर काहीतरी उंच ठेव ना. मी बसल्यावर माझं तोंड झाकेल एवढं.

राग वगैरे काही नाही. ताई, मला रडू येतं. झिपरी पहिल्यांदा शाळेत गेली त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या लोहाराच्या मागे जाऊन रडलो होतो. तो बिचारा भाता सोडून पाणी घेऊन आला. घरी आलो तेव्हा डोळे धुतलेले होते. कोर्टात तर दगडासारखा बसलो, तुला आठवत असेल. तिची पक्की समजूत आहे, ह्या माणसाला काही लागतच नाही. आता इतक्या वर्षांनी, लोकांच्या देखत, तोंडात घास असताना ती समजूत मोडायची म्हणजे फार होईल. कळून तरी तिला आता काय उपयोग?

तिला ह्यातलं अवाक्षर सांगू नकोस.

तुझा उंट

(सोबत आकृती. मधला गोल म्हणजे झुडूप. डावीकडची काटकी म्हणजे मी.)

१९ जानेवारी

अरे उंटा,

हसले. खूप हसले. हसायचं नाही ही अट तू पत्रात घातलीस, पण पत्र उघडताना ती मला कुठे माहीत होती?

झुडूप मिळेल. पानाला पान चिकटलेलं, सुई आरपार जाणार नाही असं. दिवसाउजेडी येऊन खात्री करून घे हवं तर. तुझं गुपित माझ्या पोटात राहील. मला ऐकूच येत नाही म्हटल्यावर लोक मला काही विचारायच्या भानगडीत पडत नाहीत, त्यामुळे आपल्या घरात माझं पोट सगळ्यात खोल.

ती आकृती मात्र मी कुंड्यांच्या फळीवर लावलीय. आमची रोपं हसत नाहीत, पण आज सकाळी दोन कळ्या उमलल्या.

आणि मोठा रुमाल घेऊन ये.

ताई

२३ जानेवारी

वन्सं,

बरं बाई. फोटो नाही. मला त्यांचं तोंड बघायचं नाही. झालं समाधान? ताटावर बसून त्यांचं तोंड बघितलं तर अन्न अंगी लागणार नाही, आणि जेवणाची निवड विहीणबाईंची असल्यामुळे ते तसंही कठीणच आहे.

उंचीचं म्हणाल तर माझा अंदाज नाही, प्रयोग झालेला आहे. आमचा पोस्टमन तुमच्या भावासारखाच ताडमाड. परवा रजिस्टर पत्र घेऊन आला, त्याला मी काउंटरच्या पलीकडे स्टुलावर बसवलं आणि मध्ये चष्म्याच्या खोक्यांची चळत रचत गेले. एकावर एक, एकावर एक. तो आपला निमूट बसलेला. शेवटी पलीकडून आवाज आला, "बाई, सही करताय ना? मला दिसत नाही." बस्स. तेवढी उंची. दोरीने मोजून ती दोरी पत्रासोबत पाठवतेय.

बसके वाडगे बाकीच्या टेबलांवर ठेवा. शेवाळ, फुलं, बेडूक, काही ठेवा.

आणि हे त्यांच्या कानावर जाता कामा नये. म्हणतील, घाबरली.

तुमची वहिनी

३० जानेवारी

वहिनी,

दोरी मिळाली. पोस्टमनला माझा नमस्कार सांग, आणि त्याला एक चष्मा फुकट दे.

पण हे कारणही मला पटलेलं नाही. ज्याचं तोंड बघवत नाही त्याच्यासमोर बाई उलट ताठ बसते. ठेवणीतले दागिने घालते. त्याच्याकडे असं बघते की त्याच्या घशात घास अडकावा. मी तुला ओळखते. तुला भांडायचं असतं तर तू टेबलावरची मीठदाणीसुद्धा बाजूला करायला लावली असतीस. तू लपतेयस. कशापासून ते लिही, नाहीतर मी मुख्य टेबलावर निवडुंगाचं एक बोंड ठेवीन आणि गप्प बसेन.

दरम्यान नमुना म्हणून एक झुडूप पाठवतेय. बारीक पानांचं आहे, तुझ्या दोरीच्या मापाचं. नाव विचारू नकोस, ते एवढं लांब आहे की संपेपर्यंत मी सुरुवात विसरते. दुकानात उजेडात ठेव, सकाळी बघ, भर दुपारी बघ, आणि टेम्पोवाला दिवस मावळायच्या आत न्यायला येईल त्याच्याकडे परत दे. ह्या जातीला परक्या घरी मुक्काम मानवत नाही.

नणंद

६ फेब्रुवारी

वन्सं,

झुडूप पसंत. काउंटरवर ठेवलं होतं. एक म्हातारे गृहस्थ आत आले, इकडेतिकडे बघून "कुणी नाही वाटतं" म्हणत परत निघाले. मी झुडपाच्या मागेच होते. टेम्पोवाल्याचं चाक पंक्चर झालं म्हणून तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, त्यात माझा काही दोष नाही. झुडूप ठणठणीत आहे. हेच हवं.

आता तुमच्या निवडुंगाच्या धमकीचं. सांगते, पण वाचून पत्र फाडून टाका.

दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा जेवायला भेटली त्या दिवशी तुम्ही नव्हतात. विहीणबाई आपल्या घराण्याचा मोठेपणा सांगत होत्या. त्यांच्या कुठल्याशा पणजोबांनी म्हणे एकाच वेळी दोन घोड्यांवर बसून प्रवास केला होता. सगळे माना डोलावत होते. मी चुकून समोर बघितलं. तुमचे बंधुराज अगदी गंभीर. मान सगळ्यांसारखीच हलतेय. फक्त डावी भुवई, एवढीशी, वर. पूर्वी कुणाच्याही घरी गेलो की मला फशी पाडायला असंच करायचे, आठवतंय ना? माझ्या तोंडात पाण्याचा घोट होता. तो नाकातून बाहेर आला. सगळ्यांना वाटलं ठसका लागला, झिपरीने पाठ चोळली. पण त्यांना कळलं. त्यांनी पटकन खाली ताटात बघितलं, आणि कान लाल झाले होते.

मग आठवडाभर मला माझाच राग. तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. वन्सं, एकटीने दुकान तगवलं, पोर वाढवली, तापात कण्हत उठून शटर उघडलं, ते सगळं त्या रागाच्या जिवावर. दुसरं काही होतं कुठे धरायला? आता भर मांडवात त्यांनी भुवई उचलली आणि मी खदाखदा हसले, तर मग इतकी वर्षं मी काय करत होते?

म्हणून झुडूप.

तुमची वहिनी

१० फेब्रुवारी

वहिनी,

पत्र फाडलं. तुकडे कंपोस्टात घातले, फुलं येतील त्याला.

हसलीस म्हणून वर्षं वाया गेली असं होत नाही गं. दुकान तुझंच राहतं, पोरही तू वाढवलेलीच राहते. पण हे तुला सांगून पटणार नाही, आणि मी शहाणपणा शिकवायला लागले की तू चष्मा पुसायला घेतेस, ते मला इथून दिसतं.

झुडूप तेच येईल, चांगलं भरलेलं. बाकी टेबलांना बसके वाडगे. तू निश्चिंत मनाने जेवायला बस.

नणंद

२ मार्च

वहिनी,

घरी आले, पाय गरम पाण्यात बुडवले आणि लगेच लिहायला बसले. धीर नाही.

मला तुम्ही कुठे बसवलंत ते तुला माहीत आहे. पार कुंपणापाशी, जावयाच्या आजेकाकांच्या शेजारी. तेही ठार बहिरे. आमचं दोघांचं फार छान जमलं. मी रोपांबद्दल बोलत होते आणि ते बहुधा घोड्यांबद्दल. पण माझी नजर अजून शाबूत आहे आणि ती पूर्ण वेळ मुख्य टेबलावर होती.

सुरुवातीला तुम्ही दोघं खुशीत. झुडपाच्या एका बाजूला तू, आरामात जेवतेयस. दुसऱ्या बाजूला माझा भाऊ, अगदी सुरक्षित. मग ऊन गेलं. दिवे लागले. आणि झुडपाने आवरायला घेतलं. आधी शेंडा, मग खालच्या फांद्या. पानं एकेक करून जोडीने मिटत गेली, आणि बघता बघता तिथे नुसत्या काड्या उरल्या.

काड्यांच्या पलीकडे उंट. नेमका तेव्हाच जावई उठून झिपरीबद्दल बोलत होता, आणि हा गडी रुमालात तोंड खुपसून हमसून हमसून रडतोय! त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही की पडदा गेलाय. मग त्याने डोळे पुसले, चष्मा लावला आणि समोर बघितलं. तू बघत होतीस.

माझा घास हातातच राहिला. तू खुर्ची मागे सारलीस. मला वाटलं, संपलं, ही निघाली. तर तू टेबलाला वळसा घालून त्याच्याकडे गेलीस, काही न विचारता त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतलास, दिव्याखाली धरलास, अंगठ्याने काहीतरी दाबलंस, काचेवर फुंकर मारून पुसलास आणि लहान पोराला घालावा तसा परत त्याला घातलास. तुझे ओठ हलले. त्याचे हलले. परत तुझे. आणि मग तू अशी हसत सुटलीस की त्याच्या खुर्चीची पाठ धरावी लागली. झिपरी घास टाकून उभी राहिली. आजेकाकांनी मला विचारलं, "आग लागली का?"

काय बोललात? बंधुराजांना विचारलं तर "काही नाही, चष्म्याबद्दल" म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. मला शब्द न् शब्द हवा.

आता माझं. त्या झुडपाची पानं संध्याकाळी मिटतात. रोज. मला चांगलं ठाऊक होतं आणि म्हणूनच ते निवडलं. आणि एक सांगू? त्यानेही मला पत्र लिहून तेवढ्याच उंचीचं झुडूप मागितलं होतं. तुझ्यासमोर रडू येईल म्हणून. दोघांनी माझ्याकडे एकच वस्तू मागितली, दोघांनी दुसऱ्याला सांगू नको म्हणून बजावलं. अशा वेळी माणसाने काय करावं? मी माफी मागणार नाही. रागावायचं असेल तर रागव, सवय आहे तुला.

नणंद

२० मार्च

वन्सं,

उशीर झाला. मुद्दाम केला. तुम्ही जरा तळमळावं अशी इच्छा होती.

शब्द न् शब्द हवेत ना, घ्या. मी म्हटलं, "कुणी केलाय हा चष्मा?" ते म्हणाले, "कामाच्या गावी एक दुकान आहे." मी म्हटलं, "डावी काडी वाकडी आहे." ते म्हणाले, "दुकानदार म्हणाला, काडी सरळ आहे, तुमचं नाक वाकडं." माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी ते नाक उशीशेजारी बघितलंय, ते कुठूनही वाकडं नाही. मी काडी सरळ केली. काचा तर खारट पाण्याने नुसत्या माखल्या होत्या. मी खाली वाकून हळू विचारलं, "झालं का रडून?"

तर ते म्हणाले, "नाही अजून. विहीणबाईंचं भाषण राहिलंय."

आणि भुवई वर.

मग जे झालं ते तुम्ही बघितलंच. पण एक गोष्ट कुंपणापासून दिसली नसेल. मी हसायला लागल्यावर त्यांना परत रडू फुटलं, आणि ह्या वेळी त्यांनी रुमाल शोधलाच नाही. नुसते बसून राहिले, माझ्याकडे बघत. झिपरी आम्हा दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिला कळेना कुणाला धरावं. शेवटी तिने तुमचं झुडूप उचललं आणि टेबलाखाली ठेवून दिलं.

आता तुमची ती हुशारी. वन्सं, टेम्पो पंक्चर झाला होता. झुडूप एक रात्र माझ्या दुकानात होतं. दिवस मावळताना मी हिशेब आवरून मान वर केली, तर ते पान न् पान मिटून उभं. त्याच्यातून पलीकडचा अख्खा रस्ता दिसत होता. लोक घरी चालले होते. मी शटर ओढायचं सोडून स्टुलावर बसले. आधी तुमचा भयंकर राग आला. मग वाटलं, बरं झालं. मी आपणहून कधी झुडूप बाजूला केलं नसतं. त्यांच्याकडे बघा म्हणून कुणी माझे पाय धरले असते तरी नाही. पण झुडूपच मिटलं तर त्यात माझा काय दोष? म्हणून तुम्हाला लिहिलं, पसंत आहे. त्या रडण्याचं मात्र मला खरंच माहीत नव्हतं. ते वाकडी काडी घातलेलं ओलं तोंड बघून मी का उठले, ते मलाही अजून नीट कळलेलं नाही. काडीचं निमित्त झालं एवढं खरं.

पुढचंही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही नर्सरी सोडून इथे याल.

मंगळवारी ते दुकानात आले. रजा काढून. "नवीन चष्मा करायचाय," म्हणाले. मी म्हटलं, "बाकावर बसा, आधी बाकीचे आहेत." बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. पुढची गिऱ्हाइकं मी जरा सावकाशच केली. मग त्यांची पाळी आली तेव्हा खुर्चीत बसवलं आणि तक्ता वाचायला सांगितला. वरच्या ओळी धडाधड वाचल्या. तिसरीत अडखळले. "म" ला "भ", "घ" ला "ध". डोंगराच्या एका अंगाला उभं राहून दुसऱ्या अंगाची खुंटी बघणारा हा माणूस! मी भिंगं बदलत गेले.

"हे बरं, की आधीचं?"

"आधीचं."

"आणि आता?"

"आधीचंच बरं होतं," म्हणाले. आणि तक्त्याकडे नव्हते बघत.

मी दिवा लावला. भिंगं पेटीत ठेवली, प्रत्येक आपापल्या खाचेत, त्याला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ लावून. मग त्यांना सांगितलं, डोळे थकलेले आहेत, आज नंबर काही नीट निघत नाही, पुढच्या मंगळवारी परत यावं लागेल. त्यांनी मान डोलावली, टोपी घेतली, दारात एकदा डोकं आपटलं आणि गेले.

नंबर पहिल्या दहा मिनिटांतच निघाला होता. हे तुमच्या खोल पोटात राहू द्या.

तुमची वहिनी